टर्कीच्या पंखाच्या हाडाची शिट्टी: आवाज निघतो, पण टर्कीचा निघत नाही

पहाटवारा

नमस्कार मंडळी. मी सहा वर्षांपासून पेनसिल्व्हेनियात राहतो. गेल्या हिवाळ्यात राज्याचे शिकारी प्रशिक्षण पूर्ण करून परवाना घेतला असून येत्या मे महिन्यात रानटर्कीच्या शिकारीला पहिल्यांदाच जाणार आहे. येथे वसंताच्या हंगामात टर्कीच्या मागावर दबकत जाण्यास बंदी आहे. झाडाला पाठ टेकून बसायचे, मादीचा आवाज काढायचा आणि नर स्वतःच्या पायांनी जवळ येण्याची वाट पाहायची, एवढाच मार्ग नियमात बसतो. म्हणजे आवाज काढता आला नाही तर बाकीच्या तयारीला काही अर्थ उरत नाही.

आमच्या शेजारच्या आजोबांनी वयोमानामुळे शिकार सोडली आणि त्यांच्या वडिलांनी बनवलेली शिट्टी मला दिली. ती टर्कीच्याच पंखाच्या तीन हाडांची आहे. सर्वांत बारीक हाड ओठांकडे, ते मधल्या हाडात बसवलेले, आणि मधले हाड तिसऱ्या, टोकाशी पसरट होत गेलेल्या हाडात. सांधे लाल रेशमी दोऱ्याने आवळले आहेत. एकूण लांबी साधारण वीतभर. हाड जुन्या हस्तिदंतासारखे पिवळसर झाले असून मधल्या हाडाच्या एका कडेला बारीक उंचवट्यांची एक ओळ बोटाला लागते. ही शिट्टी फुंकायची नसून तिच्यातून हवा आत ओढायची असते, एवढे आजोबांनी सांगितले. त्यांना आता स्वतःला ती वाजवून दाखवता येत नाही.

तीन आठवडे रोज तळघरात बसून सराव करतो आहे. बहुतेक वेळा नुसती हवा सुसाटते, मधूनच एखादी कर्कश किंकाळी निघते, आणि दहा मिनिटांत डोके हलके होऊन गरगरते. हातात दोन महिने आहेत. ही शिट्टी शिकलेले कोणी येथे असल्यास कृपया मार्गदर्शन करावे.

सह्यकडा

धागा वाचून आश्चर्य वाटले आणि आनंदही झाला. शिट्टी शिकलेलो नसल्याने मी फक्त वाचणार आहे.

जुनियाटाकाठ

पहाटवारा, मी सतरा वर्षांपासून पेनसिल्व्हेनियाच्या मध्य भागात टर्कीची शिकार करतो आणि त्यातील निदान दहा हंगाम हाडाची शिट्टी वापरली आहे. तुमचे डोके गरगरते, यातच तुमच्या अडचणीचे उत्तर आहे. तुम्ही छातीने श्वास ओढत आहात. या शिट्टीला फुप्फुसांची गरज जवळजवळ नसते. लागणारी हवा तोंडातल्या तोंडात ओढली जाते, तीही क्षणभरच.

आवाज कोठून येतो ते आधी समजून घ्या. हाडात कोणतीही पट्टी किंवा पडदा नाही. आवळलेल्या ओठांमधून हवा आत जाताना ओठांची कडा थरथरते आणि हाडांची नळी त्या थरथरीला सूर व मोठेपणा देते. त्यामुळे आजपासून आठवडाभर शिट्टी कपाटात ठेवा. स्वतःच्या तळहाताच्या मागच्या बाजूला ओठ लावून मुका घेतल्यासारखा बारीक, ताणलेला आवाज काढा. तो आवाज छोटा, कोरडा आणि हवा तसा निघू लागला की मगच हाड ओठांत धरा. धरतानाही तांदळाच्या दाण्याएवढेच टोक ओठांच्या आत जाऊ द्या. तुम्ही बहुधा ते फार आत घेत असाल आणि ओठ नळीभोवती गच्च बसत असतील. थरथरायला जागाच उरली नाही की फक्त सुसाट ऐकू येते.

पुढचे टप्पे तुमची प्रगती पाहून लिहीन.

कोल्हापुरी_रस्सा

जुनियाटाकाठ यांनी शास्त्र सांगितले, मी माझ्या घरचे उदाहरण देतो. मटणाच्या रश्श्यातली नळी आपण कशी ओढतो ते आठवा. गाल, जीभ आणि ओठ यांच्या झटक्याने ओढतो, छाती भरून कोणीच ओढत नाही. मी टेक्सासमध्ये रिओ ग्रँडे जातीच्या टर्कीसाठी जातो. हाडाची शिट्टी पहिल्यांदा हातात आली तेव्हा हीच उपमा मनात धरून बसलो आणि पहिल्या दिवशीच टोकदार 'टक्' निघाला.

वनजा

मी शाकाहारी आहे, त्यामुळे नळीची उपमा माझ्या उपयोगाची नाही, पण मांजराच्या पिल्लाला ओठ आवळून, हवा आत ओढत आपण जसे बोलावतो तोच हा आवाज असावा असे वाटते. बरोबर आहे का?

जुनियाटाकाठ

वनजाताई, अगदी बरोबर. नळी ओढताना ओठ सैल असतात, पिल्लाला बोलावताना ते आवळलेले असतात. म्हणून ओढ कोल्हापूरची आणि ओठ तुमचे, असे दोन्ही एकत्र करावे लागेल.

तुतारीवाला

मी शिकारी नाही. सातारा जिल्ह्यात आमच्या घरी तीन पिढ्या तुतारी वाजवतात, म्हणून लिहितो. तुतारीतही पट्टी नसते, ओठच थरथरतात. फरक एवढाच की आम्ही हवा बाहेर सोडतो आणि तुम्ही आत घेता. नव्या मुलांची नेहमी होणारी चूक तुमच्याकडेही होत असणार. आवाज निघत नाही म्हणून मुले जोर वाढवतात, जोर वाढला की ओठ ताठ होतात आणि सूर फाटतो. ती किंकाळी म्हणजे फाटलेला सूरच आहे. आवाज न निघाल्यास जोर निम्मा करावा आणि ओठांची जागा केसभर सरकवून पाहावी. काहींचा सूर ओठांच्या मध्यावर लागतो, काहींचा कोपऱ्याकडे. दात आणि ओठ ज्याचे त्याचे, त्यामुळे दुसऱ्याची जागा आपल्याला लागू पडेलच असे नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे दिवसातून एकदा अर्धा तास बसण्यापेक्षा पाच-पाच मिनिटे सहा वेळा बसावे, कारण थकलेला ओठ चुकीचीच सवय लावून घेतो.

पहाटवारा

तुतारीवाला, आपले शतशः आभार. आज जोर निम्मा केला, टोक ओठांच्या डाव्या बाजूला सरकवले आणि सलग चार वेळा स्वच्छ 'टक्' निघाला. पाचव्या वेळी पुन्हा सुसाट, पण ते चार आवाज माझेच होते याचा आनंद शब्दांत सांगता येत नाही.

गवताळ

मला या धाग्याबद्दल एक मूलभूत शंका आहे आणि ती मनापासून विचारतो. विणीच्या काळात मादीचा आवाज काढून नराला फसवायचे आणि मारायचे, हे आपल्याला पटते का? कौशल्य आहे हे मान्य, पण हेच कौशल्य केवळ पक्षी पाहण्यासाठी का वापरू नये?

जुनियाटाकाठ

गवताळ, प्रश्न रास्त आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील बहुतेक राज्यांतून रानटर्की जवळजवळ संपली होती. जंगलतोड आणि बाजारासाठी होणारी अनिर्बंध शिकार ही त्याची कारणे होती. कोंबड्यांसारख्या पाळून सोडलेल्या टर्की जंगलात टिकल्या नाहीत. 1951 मध्ये साउथ कॅरोलायनात तोफेने उडणारे जाळे वापरून रानातलेच पक्षी पकडण्यात आले, आणि असे पक्षी नव्या जंगलांत नेऊन सोडण्याची पद्धत पुढे देशभर यशस्वी झाली. 1973 मध्ये सुमारे 13 लाख असलेली संख्या आज 60 लाखांच्या आसपास आहे. हा खर्च मुख्यतः परवान्यांच्या शुल्कातून आणि बंदुका व काडतुसांवरील करातून झाला. तो कर 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने वन्यजीवांसाठी राखून ठेवला गेला आहे.

राहिला विणीचा मुद्दा. वसंतात येथे दाढी, म्हणजे छातीवर लोंबणारा केसांसारखा पिसांचा झुपका, असलेल्या पक्ष्यांनाच मारता येते, म्हणजे व्यवहारात नरांनाच, आणि हंगाम बहुतेक माद्या अंड्यांवर बसू लागण्याच्या सुमारास ठेवलेला असतो. एक नर अनेक माद्यांना पुरतो. यानंतरही आपणास शिकार नको वाटली तर मी आपल्या मताचा आदर करतो.

गवताळ

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. माझे मत बदलले नाही, पण पैसा कोठून येतो हे मला माहीत नव्हते. मग मी बंदुकीविना, फक्त पाहण्यासाठी ही शिट्टी वापरली तर चालेल का?

कोल्हापुरी_रस्सा

हंगामात चुकूनही नको. तुमचा आवाज चांगला असेल तर दुसरा शिकारी तुम्हालाच टर्की समजून तुमच्या रोखाने येईल. जायचेच असेल तर अंगावर भडक नारिंगी घाला. हंगामाआधीही रानात जाऊन वाजवू नये, कारण एकदा बोलावून कोणीच भेटले नाही की नर शहाणा होतो.

जुनियाटाकाठ

सहमत आहे. यावरून पहाटवारा यांना एक महत्त्वाची सूचना करतो. तुमच्या शिट्टीवरचा लाल दोरा काढून तपकिरी किंवा हिरवा गुंडाळा. नराचे डोके वसंतात लाल, पांढरे आणि निळे असते. तोंडाजवळ हलणारा लाल ठिपका झाडीतून पाहणाऱ्या दुसऱ्या माणसाला काय वाटेल याचा विचार करा. हातरुमाल, मोजे, टोपीचे अस्तर, कशातही हे तीन रंग नकोत. बसताना खांद्यांपेक्षा रुंद खोड निवडा. आणि दुसऱ्या टर्कीचा आवाज आला तर त्या दिशेने कधीही जाऊ नका, कारण तो आवाज माणसाचाही असू शकतो.

पहाटवारा

दोरा आजच बदलतो. शेजारच्या आजोबांना विचारले तेव्हा त्यांनी लगेच होकार दिला आणि लाल दोरा मात्र जपून ठेवायला सांगितला, कारण तो त्यांच्या आईच्या शिवणाच्या डब्यातला आहे.

मधली_आळी

थोडे विषयांतर वाटेल, पण अनेकांच्या कामाचे आहे. मी कामाच्या व्हिसावर आहे. आम्हाला बंदूक हाताळता येते का?

कोल्हापुरी_रस्सा

संघीय कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीस बंदूक बाळगण्यास मनाई आहे, परंतु एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना हाती असल्यास त्यास अपवाद आहे. परवाना संपला की अपवादही संपतो. हे तुमच्या स्थलांतराच्या कागदपत्रांशी निगडित असल्याने वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल उचलू नका. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही.

मधली_आळी

धन्यवाद. मग आधी शिट्टीच शिकतो. थँक्सगिव्हिंगला दुकानातून आणलेल्या टर्कीच्या पंखांची शिट्टी बनवता येईल का? हाडे नाहीतरी फेकूनच देतो.

जुनियाटाकाठ

हात बसण्यासाठी एक जरूर बनवा, पण तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. दुकानातले पक्षी काही महिन्यांचेच असतात, त्यांची हाडे पुरती घट्ट झालेली नसतात, आणि भाजल्यावर ती ठिसूळ होतात. पंख कच्चेच कापून घ्या.

रानटर्कीच्या बाबतीत मादीची हाडे बारीक असल्याने आवाज वरच्या पट्टीत आणि गोड लागतो, नराच्या हाडांचा आवाज खर्जात जातो. दंडाचे हाड पक्ष्यांत मुळातच पोकळ आणि हवेने भरलेले असते. कोपरापुढच्या दोन हाडांत मात्र मज्जा असते. मांस काढून हाडे मंद आचेवर, भांड्यांचा साबण घातलेल्या पाण्यात शिजवा. खळखळून उकळू नका, हाडाला चिरा पडतात. मऊ पडल्यावर दोन्ही टोके बारीक पात्याच्या करवतीने कापा आणि पाइप क्लीनरने मज्जा पूर्ण काढा. आत थोडी जरी राहिली तरी पुढे वास येतो. पांढरेपणासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरा. ब्लीचने हाड आतून खाल्ले जाते. कापलेल्या कडा पॉलिश पेपरने इतक्या गुळगुळीत करा की जिभेला टोचता कामा नयेत.

जोडताना बारीक हाडाचे टोक मधल्या हाडात साधारण अर्धा इंच जाऊ द्या. मधले हाड किंचित चपटे असते, त्यामुळे फट राहतेच. तेथे डेंटल फ्लॉस गुंडाळून इपॉक्सी भरा. सांध्यातून सुईच्या अग्राएवढीही हवा आत आली तर सूर लागत नाही. पहाटवारा यांना मधल्या हाडावर ज्या उंचवट्यांची ओळ लागली ती पंखातली मोठी पिसे रुजतात ती जागा. ती घासून काढू नका, अंधारात हाड नीट धरायला तिचा उपयोग होतो.

सह्यकडा

तिसरे हाड न मिळाल्यास काय करतात?

जुनियाटाकाठ

दोन हाडांचीही शिट्टी होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिणेकडील चार्ल्स जॉर्डन या नामांकित शिकाऱ्याने हाडाला वेळूची नळी जोडून शिट्टी बनवली होती आणि ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. डबीवर झाकण घासून वाजवण्याच्या लाकडी यंत्राचे पेटंट आर्कान्साच्या गिब्सन यांनी 1897 मध्ये घेतले. हाडाची शिट्टी त्याच्याही कितीतरी आधीची, मूळ अमेरिकी लोकांकडून आलेली आहे.

वनजा

जुनियाटाकाठ यांनी मूळ अमेरिकी लोकांचा उल्लेख केला म्हणून लिहिते. माझे बालपण अकोला जिल्ह्यात गेले. आमच्या शेताच्या बांधावर फासेपारधी समाजातील एक आजोबा येत. हाताची ओंजळ तोंडाशी धरून ते तितराचा असा आवाज काढत की झुडपातून खरे तितर उत्तर देई. हातात हाड नाही, नळी नाही, फक्त ओठ आणि ओंजळ. पहिल्या उत्तरानंतर ते बराच वेळ गप्प बसत, आणि मी "पुन्हा करा ना" म्हणाले की बोट ओठांवर ठेवत. ज्या समाजाला 1871 च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवले त्याच्याकडे पक्ष्यांचे केवढे ज्ञान होते! आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही शिकार थांबली आणि ते योग्यच झाले, पण ते कान आणि ते ओठ पुढच्या पिढीत उतरले नाहीत याची खंत वाटते.

जुनियाटाकाठ

वनजाताई, त्या आजोबांनी ओठांवर ठेवलेले बोट हाच या विद्येतला सर्वांत अवघड धडा आहे. निसर्गात नर गुरगुरतो आणि मादी त्याच्याकडे चालत जाते. आपण उलटे घडवू पाहतो. आपण सारखे बोलत राहिलो तर नराला वाटते की ही मादी येतेच आहे, आणि तो ऐंशी पावलांवर पिसारा फुलवून उभा राहतो. त्याने उत्तर दिले, तो कोठे आहे ते कळले, की गप्प बसावे. मग तो शोधायला निघतो.

पहाटवारा, आता पुढचे टप्पे. 'टक्' पक्का झाला असेल तर तो थोडा लांबवा आणि लांबवता लांबवता खालचा जबडा किंचित खाली सोडा. वरचा सूर मोडून खाली येतो, तोच मादीचा 'याऊक्'. असे पाच-सहा सलग घेतले की एक हाक पूर्ण होते. शिट्टीचे रुंद टोक दोन्ही तळव्यांच्या ओंजळीत धरा आणि प्रत्येक 'याऊक्'ला ओंजळ थोडी उघडा. बंद ओंजळीतून आवाज दूरचा वाटतो, उघडीतून जवळचा. एक सावधगिरी बाळगा. एकटा 'टक्' फार कडक आणि तुटक झाला तर तो टर्कीच्या भाषेत धोक्याचा इशारा ठरतो.

हाडाची मोठी उणीव म्हणजे दोन्ही हात गुंततात. टर्कीची नजर फार तीक्ष्ण असते, बोट हललेलेही तिला दिसते. म्हणून ही शिट्टी दुरून बोलावण्यासाठी आहे. पक्षी दिसण्याआधीच ती गळ्यातल्या दोरीवर सोडून द्यायची.

तुतारीवाला

कोणाचा आवाज ऐकून शिकावे, माणसाचा की पक्ष्याचा?

जुनियाटाकाठ

पक्ष्याचाच. कॉर्नेल विद्यापीठाच्या मॅकॉले संग्रहात रानटर्कीच्या आवाजांची भरपूर ध्वनिमुद्रणे आहेत. सुरापेक्षा लयीकडे लक्ष द्यावे. सूर थोडा घोगरा असला तरी पक्षी येतो, लय चुकली तर येत नाही.

पहाटवारा

मंडळी, हंगाम संपल्यावर मुद्दाम लिहितो आहे. नर मिळाला नाही. चार सकाळी गेलो. दोनदा उत्तर आले आणि पक्षी दुसऱ्याच दिशेला निघून गेला. पण तिसऱ्या सकाळी जे घडले ते सांगायलाच हवे.

सूर्योदयाला थोडा वेळ होता. ओकच्या खोडाला टेकून बसलो होतो. शिट्टी शर्टाच्या आत ठेवल्याने हाड कोमट होते. पाच हाका दिल्या आणि थांबलो. डावीकडच्या उतारावरून तशाच हाका आल्या, माझ्यापेक्षा मोठ्या आणि चिडलेल्या. मी तीन दिल्या, तिने माझ्या हाका पुऱ्या होण्याआधीच सात दिल्या. मग पानांवर पावलांचा आवाज आला आणि एक मादी झुडपातून बाहेर पडून माझ्यापासून सहा-सात पावलांवर उभी राहिली. ती मान उंच करून प्रत्येक हाकेबरोबर अंग हलवत होती. आपल्या जागेत आलेली परकी मादी कोठे आहे, हे ती शोधत होती. मी श्वासही अडवून धरला होता. तीन-चार मिनिटे तिने शोध घेतला आणि कुरकुरत निघून गेली.

इतक्या जवळून ऐकल्यावर एक गोष्ट लक्षात आली. माझ्या पाचही हाका सारख्या अंतरावर, सारख्या जोराच्या पडत होत्या. तिची पहिली हाक हलकी होती, मधल्या घाईने एकमेकींवर आलेल्या, आणि शेवटच्या दोन पुन्हा संथ. घरी आल्यावर शेजारच्या आजोबांना हे सांगितले. त्यांनी शिट्टी मागून घेतली, तोंडाला लावली, आवाज निघाला नाही. मग त्यांनी मेजावर बोटाने तीच लय वाजवून दाखवली. पहिला ठोका हलका, मधले घाईचे, शेवटचे संथ.

कोल्हापुरी_रस्सा

मादीने तुम्हाला मादी मानले. पहिल्या हंगामात याहून मोठी पावती मिळत नाही. मनापासून अभिनंदन.

जुनियाटाकाठ

आजोबांनी वाजवलेली ती लय फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवा, आणि हे उद्यावर टाकू नका. माझ्या फ्रीझरमध्ये यंदाच्या नराचे दोन्ही पंख तुमच्यासाठी ठेवले आहेत. जूनमध्ये एखाद्या शनिवारी सकाळीच या, हाडे शिजायला वेळ लागतो. आजोबांना प्रवास झेपत असेल तर त्यांनाही घेऊन या, आणि तो लाल दोरा सोबत आणा. नवी शिट्टी रानात न्यायची नसेल, फक्त घरातल्या भिंतीवर लावायची असेल, तर तिच्यावर तो शोभून दिसेल.